पडद्यावरची तुतारी



आजचा आमचा विषय लांबीने मोजला तर अर्ध्या मिनिटाचा आहे. दिवे मालवले जातात, पडदा उजळतो, आणि खेळ सुरू होण्यापूर्वी चित्र काढणाऱ्या संस्थेची खूण क्षणभर दिसते. कोठे सिंह डरकाळी फोडतो, कोठे कमळ उमलते, कोठे एक स्त्री मान मागे टाकून तुतारी फुंकते. या वेळी आपल्यापैकी बरेच जण काळोखात खुर्ची चाचपीत असतात, किंवा शेंगदाण्याची पुडी सोडीत असतात. खुणेकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. तरी पन्नास वर्षांनी गोष्ट विसरते, नटांची नावे विसरतात, आणि ती खूण तेवढी आठवते! असे का होते, आणि त्या अर्ध्या मिनिटात संस्था आपल्याविषयी काय बोलून जाते, याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजले आहे.

हल्ली या गोष्टीला ‘ब्रँड’ म्हणण्याची रीत आहे. शब्द इंग्रजी असला तरी त्याचे मूळ आपल्या मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला सहज कळण्यासारखे आहे. ब्रँड म्हणजे मुळात जळते लाकूड, आणि त्यावरून तापल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर दिलेला डाग. पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो. तेथे सौदा पटला की घेणारा आपली काही ना काही खूण जनावरावर करतो. कोणी शिंगे रंगवितो, कोणी पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. एवढ्या गर्दीत आपला बैल आपल्याला ओळखता यावा आणि दुसऱ्याला तो आपला म्हणता येऊ नये, एवढाच त्यातला हेतू. ‘हा माल माझा आहे’ हे खुणेचे पहिले वाक्य आहे. बाकीचे सगळे अर्थ मागाहून आले.

चित्रपटाच्या धंद्यातही खूण आली ती चोरीच्या भयाने. अगदी प्रारंभीच्या काळात फिती भाड्याने देत नसत. कापडासारख्या लांबीवर विकत. घेणाऱ्याने एक प्रत विकत घ्यावी, तिच्यावरून दुसऱ्या दहा काढाव्या, मूळ शीर्षक कापून आपले जोडावे, आणि खुशाल विकाव्या. अमेरिकेत हा उद्योग राजरोस चाले. शीर्षक कापता येते हे पाहून फ्रान्समधल्या पाथे कंपनीने एक नामी युक्ती काढली. तिची खूण कोंबड्याची. तो कोंबडा तिने शीर्षकावर ठेवलाच, पण दृश्यामध्ये, भिंतीवर, देखाव्याच्या कोपऱ्यातही टांगला. म्हणजे नायक नायिकेची मनधरणी करतो आहे आणि मागे भिंतीवर कोंबडा बसला आहे! जॉर्ज मेलिए या जादूगार दिग्दर्शकाची खूण ताऱ्याची होती. तिचाही हाच उपयोग होई. चोराला फीत कापता येते, पण चित्राच्या पोटात शिरलेला कोंबडा काढता येत नाही. बैलाच्या पाठीवरचा पट्टा आणि हा कोंबडा यांत आम्हांस तत्त्वतः काही फरक दिसत नाही.

आपल्या देशात या मालकीच्या जोडीला दुसरी एक गरज होती. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. म्हणून आपल्या बाजारात नाव मागत नसत, छाप मागत. विलायतेच्या गिरण्या हिंदुस्थानात कापड धाडीत, त्या गठ्ठ्यांवर देवदेवतांची रंगीत तिकिटे चिकटवीत, आणि बायामाणसे त्या चित्रावरून कापड ओळखीत. तंबाखूच्या पुडीवर गाय असे, ती अजूनही आहे. दुकानात जाऊन ‘गाय छाप द्या’ म्हटले की काम झाले. 1951-52 साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्याची पाळी सरकारवर आली, तीही याच कारणाने. तेव्हा चित्रसंस्थांनी नुसती अक्षरे न दाखविता चित्र दाखविले यात नवल नाही. दादासाहेब फाळके स्वतः छापखान्याच्या धंद्यातून सिनेमाकडे आले. छापील चित्राची सामान्य माणसावर किती पकड असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

फाळक्यांचे नाव निघाले म्हणून, आपण तानसाकाठी बसलो आहोत तर एक गोष्ट सांगून टाकतो. फीत रसायनात धुतल्यावर ती वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ खंगाळावी लागते; नाही तर चित्र काही वर्षांत पिवळे पडते. सिनेमाच्या प्रयोगशाळेला जशी वीज लागते तसे पाणी लागते. 1912-13 साली फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढीत होते तेव्हा त्यांचे बिऱ्हाड दादरला होते. फितीला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत आणि रात्री फीत घरातच धुतली जाई. त्या काळच्या मुंबईला विहार, तुळशी आणि 1892 पासून आपला तानसा हे तलाव पाणी पाजीत, आणि तिन्हींत तानसा मोठा. तेव्हा हिंदी चित्रपटाच्या पहिल्या धुण्यात तानसाचा थेंब नव्हता असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. तानसाच्या नळावर मात्र कोणाची खूण पडद्यावर आली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता ‘प्रभात’कडे वळू.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, त्यांनी भांडवल घातले. नाव पहाटेचे घेतले, आणि पुढे या नावाला चिन्ह जडले ते तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे. यातली संगती आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती कोणी जुळविली आहे हेच ध्यानात येत नाही. पहाटेला कोंबडा चालला असता. तो पाथेने आधीच नेला होता! सूर्य चालला असता, कमळ चालले असते. तुतारी का?

तुतारी हे आपल्याकडे देवळाच्या दारातले, पालखीपुढचे, राजाच्या स्वारीपुढचे वाद्य. कोणी तरी येत आहे, वाट करा, उठून उभे राहा, असे ते सांगते. 1893 साली केशवसुतांनी ‘तुतारी’ ही कविता लिहिली आणि त्यानंतरच्या मराठी सुशिक्षिताच्या मनात या वाद्याला आणखी एक अर्थ चिकटला : जुने मोडा, जागे व्हा. प्रभातच्या मंडळींनी कवितेवरूनच चिन्ह घेतले असे आमचे म्हणणे नाही. पण प्रेक्षागृहात बसलेला शाळामास्तर ती तुतारी पाही तेव्हा त्याच्या कानात कोणता सूर उठे हे सांगायला नको. आणि त्याच्याच शेजारी खाली जमिनीवर बसलेल्या वारकऱ्याला तीच तुतारी देवळातली वाटे. एकाच खुणेत दोघांची सोय झाली. खूण चांगली की वाईट हे ठरविण्याची आम्हांस याहून दुसरी कसोटी सुचत नाही.

आणि तुतारी फुंकते ती स्त्री. आपल्याकडे तुतारी पुरुषाने फुंकायची. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, साळुंके नावाच्या तरुणाने ती केली, ही गोष्ट 1913 ची. 1932 साली प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत एवढे अंतर पडले. 1937 साली याच संस्थेने ‘कुंकू’ काढला, आणि म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावून दिलेले लग्न नाकारणारी मुलगी पडद्यावर आणली. पुरुषाचे वाद्य हाती घेऊन स्त्रीने पहाटेची वर्दी द्यावी, हे चिन्ह ‘कुंकू’च्या आधी शोभेचे होते, ‘कुंकू’नंतर ते खरे झाले. या ठिकाणी आमचे एक मत सांगून ठेवतो. खुणेला अर्थ चित्रकार देत नाही, तो फार तर जागा करून ठेवतो. अर्थ भरला जातो तो मागून येणाऱ्या कामाने. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही चित्रे काढलेली माणसे तुतारीऐवजी पितळी तांब्या दाखवीत असती, तरी आज आपण त्या तांब्याविषयी बोलत बसलो असतो.

आणखी एक. तुतारी नुसती पाहण्याची वस्तू नव्हे, ती ऐकण्याची. बोलपट आला आणि चित्रसंस्थांना खुणेबरोबर आवाजाची मुद्रा करता येऊ लागली. अमेरिकेतल्या मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या सिंहाची डरकाळी लोकांनी प्रथम ऐकली ती 1928 साली. अशा मुद्रेत ढोंगही पुष्कळ असते. इंग्लंडच्या रँक संस्थेच्या चित्रांआधी एक उघडाबंब पहिलवान भली मोठी घंटा बडवीत असे. ती घंटा कागदाच्या लगद्याची होती; आवाज दुसऱ्याच एका वादकाने दुसऱ्याच वाद्यावर काढलेला! पण कोणाची फसवणूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. सिनेमा काय आहे हे त्या घंटेने आधीच सांगून टाकले, एवढेच.

शांताराम 1942 साली प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. या नावाची फोड अनेकांना माहीत नसते. वडील राजाराम, आई कमल. दोघांची नावे जोडून राजकमल. उमललेल्या कमळातून ओंजळीने फुले उधळणारी स्त्री ही तिची मुद्रा. प्रेक्षकाला ती सरस्वती वाटो की लक्ष्मी वाटो, काढणाराच्या मनात घरची आई आहे. फ्रान्समध्ये गोमाँ नावाची फार जुनी चित्रसंस्था आहे, 1895 सालची. तिची खूण डेझीचे फूल. त्या फुलाला फ्रेंचमध्ये ‘मार्गरीत’ म्हणतात, आणि संस्थापक लेओं गोमाँ यांच्या आईचे नाव मार्गरीत. कोल्हापूरचा मुलगा आणि पॅरिसचा मुलगा, दोघांनी आईचे नाव फुलात दडवून जगापुढे ठेवले. यात कोणी कोणाचे अनुकरण केले असेल असे आम्हांस वाटत नाही. धंदा कितीही मोठा झाला तरी माणूस दारावर पाटी लावताना घरचाच विचार करतो.

राज कपूर यांच्या आर. के. ची गोष्ट निराळी. त्यांनी खूण आधी ठरविली नाही. 1949 सालच्या ‘बरसात’मधले एक दृश्य उचलून तेच खूण केले. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. संगीत आणि प्रेम, झाले! अशा खुणेत एक धोका असतो. संस्थेचा सगळा भार दोन जिवंत माणसांवर येतो, आणि माणसे दूर होतात. नर्गिस आर. के. सोडून गेल्या, पण पाटीवर त्या राहिल्याच. चेंबूरच्या त्या स्टुडिओला 2017 च्या सप्टेंबरात आग लागली, आणि 2019 साली ती जागा घरबांधणीच्या कंपनीकडे गेली.

पण सर्वांत विचार करायला लावणारी मुद्रा, आमच्या मते, मेहबूब प्रॉडक्शन्सची. पडद्यावर येतो कोयता-हातोडा. आणि त्याच वेळी कानावर पडतो तो ईश्वरी इच्छेपुढे कोणाचे काही चालत नाही असे सांगणारा उर्दू शेर. पंडितांना ही विसंगती वाटते. कोयता-हातोडा हा रशियातल्या निरीश्वरवाद्यांचा, आणि शेर आस्तिकाचा. दोन्ही एका तोंडी कसे? आम्हांस मात्र असे वाटते की या प्रश्नाचे उत्तर शहापूर तालुक्यातल्या कोणत्याही बांधावर मिळेल. भात लावणाऱ्या माणसाच्या हातात विळा असतो आणि तोंडात देवाचे नाव असते. कष्ट माझे, पाऊस त्याचा. मेहबूब खान स्वतः गुजरातेतल्या खेड्यातून आलेले, फारसे न शिकलेले गृहस्थ. त्यांनी पोथी वाचून खूण घेतली नव्हती.

1957 साली त्यांनी ‘मदर इंडिया’ काढला. त्या चित्राचा सारा आशय म्हणजे ही खूणच : राबणारी बाई आणि तिच्यावर कोसळणारे दैव. पुढे तो ऑस्करसाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरले. तिकडे त्या काळात कोयता-हातोडा म्हणजे शत्रूचे निशाण. तेव्हा पाठविलेल्या प्रतीत इतर काटछाटीबरोबर ही मुद्राही काढून टाकण्यात आली. चित्राला नामांकन मिळाले, बक्षीस मिळाले नाही. मुद्रा ठेवली असती तर नामांकनही गेले असते काय, हा प्रश्न निरर्थक आहे. विचार करण्याजोगे एवढेच की परदेशी पाहुण्यांसमोर जाताना घरच्या माणसाने कपाळावरचे गंध पुसावे, तसे ते झाले. मेहबूबांना दोष देणे सोपे आहे. पण आपल्यापैकी मुंबईला नोकरीला गेलेल्या किती जणांनी आपली बोली स्टेशनवरच ठेवली, हे ज्याचे त्याला ठाऊक. आम्हांस एवढेच म्हणायचे आहे, जी खूण काढून टाकावीशी वाटते तिच्यातच काही तरी बोललेले असते. कागदी घंटा कोणी कापून टाकायला सांगत नाही.

कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा हत्ती, मद्रासच्या जेमिनीची बिगूल वाजविणारी जुळी बाळे, यांच्यावर आज थांबायला वेळ नाही. हल्लीच्या रीतीबद्दल मात्र एक वाक्य बोलल्यावाचून राहवत नाही. आज खेळाआधी एक खूण येत नाही, सात-आठ येतात : पैसे देणाऱ्याची, वितरकाची, वाहिनीची, गाणी विकणाऱ्याची. सगळ्या संगणकावर घडविलेल्या, सगळ्या झगमगीत, आणि बाहेर आल्यावर एकही आठवत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रकांची नावे वाढली की नवऱ्या मुलाचे नाव शोधावे लागते, तसे झाले आहे.

आता तुतारीचे पुढे काय झाले ते पाहू. प्रभातचे काम 1953 च्या सुमारास थांबले. पुण्यातल्या तिच्या जागेवर 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. मालक गेले, धंदा गेला, आणि खूण लोकांच्या डोक्यात शिल्लक राहिली. अशी बिनकामाची खूण फार दिवस रिकामी राहत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने एका पक्षाला ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हे चिन्ह दिले, आणि त्या उन्हाळ्यात आपल्या भिवंडी मतदारसंघातही ते यंत्रावर होते. त्याच वेळी काही अपक्षांना ‘ट्रम्पेट’ मिळाले, आणि मराठीत त्याचेही नाव तुतारीच झाले. दिंडोरीत अशा एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. त्याचे आडनावही त्या पक्षाच्या उमेदवाराशी जुळणारे होते. तेव्हा आडनावाने किती गोंधळ केला आणि तुतारीने किती, हे निराळे काढता येत नाही. कोणत्या पक्षाचे भले झाले की वाईट, याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. पण ज्यांना वाटते की खूण म्हणजे शोभेचे प्रकरण, त्यांनी हा लाखाचा आकडा ध्यानात ठेवावा.

कायद्याचे तर आणखी मौजेचे आहे. चित्रपटावरील हक्काला मुदत असते. आजच्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. ‘माणूस’ 1939 चा, ‘शेजारी’ 1941 चा. त्यांची मुदत केव्हाच सरली. व्यापारचिन्हाचे तसे नाही. दर दहा वर्षांनी नोंद नवी करीत राहा आणि चिन्ह वापरात ठेवा, म्हणजे ते कितीही काळ तुमचेच राहते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कलाकृती म्हातारी होते, शिक्का म्हातारा होत नाही! चित्र सर्वांचे होते, पण त्याच्या आधीची अर्ध्या मिनिटाची खूण कोणा एकाची राहू शकते.

हे सारे सिनेमावाल्यांचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या शेजारच्या वाडे तालुक्यातला कोलम तांदूळ घ्या. मुंबईतल्या दुकानांत ‘वाडा कोलम’ या नावाने जेवढा तांदूळ विकला जातो तेवढा वाड्याच्या शेतांत पिकणे शक्य नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल. पाथेच्या फितीवरून काढलेल्या चोरट्या प्रती त्या ह्याच. 2021 साली त्या तांदळाला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद मिळाली. ही खूण कोणा एका मालकाची नाही, साऱ्या मुलखाची आहे. कागदावर ती मिळाली हे चांगलेच झाले. पण पोत्यावरची ती खूण पाहून भाव जास्त देणारे गिऱ्हाईक तयार व्हायला ‘कुंकू’ आणि ‘तुकाराम’ लागतात; म्हणजे पोत्यातला माल पिढ्यान् पिढ्या तसाच उतरावा लागतो. आपल्या तालुक्यात किती शेतकरी आज तो जुना वाण राखून आहेत, याची मोजदाद आपल्यातल्याच कोणा तरुणाने एका हंगामात करावी, अशी आमची सूचना आहे. नोंदीपेक्षा ती यादी अधिक निकडीची आहे.

शेवटी एक विनंती. 2003 च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या जागेतल्या कोठारास आग लागली आणि नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येने जळाल्या. ती फीत दारूगोळ्यासारखी पेटते, आणि पेटली की पाण्याने विझत नाही. जे जळाले ते गेले. पण त्या काळी प्रत्येक बोलपटाबरोबर गाण्यांचे छापील पुस्तक निघे, जाहिरातीची पत्रके वाटीत, आणि त्यांवर संस्थेची मुद्रा असे. जत्रेतल्या तंबूतला खेळ पाहून घरी परतणाऱ्या कोणी तरी ते पुस्तक आपल्या ट्रंकेत टाकले असेल. शहापूर, मुरबाड, किन्हवली, सरळगाव या बाजूंना जुनी घरे आहेत, माळे आहेत. कोणाकडे असे कागद असतील, फाटके असले तरी चालतील, तर ते रद्दीत घालू नका. इथल्या ग्रंथालयात आणून दाखवा. त्यांचे फोटो काढून ते आपले आपल्याला परत मिळतील, अशी व्यवस्था करण्याचे आम्ही येथील मंडळींशी बोललो आहोत. उद्या सकाळी नऊपर्यंत आमचा मुक्काम गावातच आहे.